देशोदेशीचं सौंदर्य: मोजपट्टी कुणाच्या हातात?

शेवंती (धागाकर्ती)

'जगातल्या अजब सौंदर्यकल्पना' अशा नावाची फोटोमाला अधूनमधून फिरत फिरत येतेच. पात्रंही ठरलेली. म्यानमारमधल्या कायान बायकांच्या गळ्यातली पितळी कडी, इथिओपियातल्या मुर्सी बायकांच्या ओठातली मातीची चकती, चीनमधली लहान राहावीत म्हणून बालपणीच घट्ट बांधलेली पावलं आणि मॉरिटानियात उंटिणीचं दूध पाजून पाजून जाड केलेल्या मुली. खाली "बापरे", "काय ही माणसं!" वगैरे. दातांना वर्षानुवर्षं लावलेल्या तारा, सुरकुत्या जाव्यात म्हणून कपाळात टोचलेलं बोट्युलिनमचं विष, पायाची बोटं चेचणाऱ्या उंच टाचा या यादीत कधी येत नाहीत.

माझी खरी तक्रार पुढे आहे. या याद्यांत कारण नसतं आणि काळही नसतो. ते लोक जसे काही अनादिकाळापासून तसेच आहेत.

जपानचंच बघा. तिथे हजारेक वर्षं काळे दात सुंदर समजले जात. हेइआन काळातल्या (साधारण ९वं ते १२वं शतक) दरबारी बायका भुवया काढून टाकून कपाळावर बऱ्याच वर दोन धूसर ठिपके रंगवत आणि दात काळे करत. पुढे दरबारातले पुरुषही करू लागले. याला ओहागुरो म्हणत. लोखंड व्हिनेगरमध्ये मुरवायचं, त्यात टॅनिन (तुरट द्रव्य) असलेली वनस्पतीची पूड मिसळायची, की शाईसारखा काळा रंग तयार. तो टिकत नसे, सारखा लावावा लागे. पांढरा लेप फासलेल्या चेहऱ्यात खरे दात पिवळट दिसतात आणि काळे उठून दिसतात, असं एक कारण सांगतात. एडो काळात (१७वं ते १९वं शतक) तर ती लग्न झालेल्या बाईची खूणच झाली. मग देश आधुनिक करायला निघालेल्या मेइजी सरकारने १८७० मध्ये सरदार-उमरावांना याची बंदी केली आणि १८७३ मध्ये सम्राज्ञी शोकेन पांढऱ्या दातांनी लोकांसमोर आली. तिथून ही चाल वरून खाली ओसरत गेली. जपानी माणसाची नजर काही एका रात्रीत बदलली नव्हती. राज्यकर्त्यांना युरोप-अमेरिकेच्या पंगतीत बसायचं होतं, ते बदललं होतं.

तर मोजपट्टी बनवतं कोण आणि ती बदलते कशाने? उदाहरण द्याल तर कारणासकट द्या. गोरं करणाऱ्या क्रीमच्या जाहिरातींवर इथे आधीच भरपूर धागे निघालेत, ते भांडण तिकडेच राहू दे.

काजवा

वाखुसा (वाचनखूण साठवली)! मला ती मिशीवाली इराणी राजकन्या आठवली. लग्नाला नकार दिला म्हणून तेरा जणांनी जीव दिला होता ना तिच्यासाठी? फोटो बघून विश्वासच बसत नाही.

टीपकागद

काजवा, ती पोस्ट बनावट आहे. 'राजकन्या काजार' नावाची कुणी बाई नव्हती, काजार हे राजघराण्याचं नाव. फोटो आहेत ते १९व्या शतकातला इराणचा राजा नासिर अल-दीन शाह याच्या दोन वेगवेगळ्या मुलींचे, इस्मत अल-दौला आणि ताज अल-सल्तना. दोघींना मिळून एक बाई बनवली आणि वर तेरा मुडदे घातले. या मुलींची लग्नं राजवाडा लहानपणीच ठरवून टाकत असे. तेरा जणांनी रांगेत उभं राहून नकार घ्यायचा कधी?

चीड याची येते की ताज अल-सल्तनाने स्वतःच्या आठवणी लिहून ठेवल्या आहेत. त्यात तिने बायकांना पडद्यात ठेवण्याविरुद्ध लिहिलंय, पुढे ती बायकांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या मंडळातही होती. मीमवाल्यांना तिची फक्त मिशी दिसली.

मिशीचा भाग मात्र खरा. १९व्या शतकातल्या इराणमध्ये बाईच्या वरच्या ओठावरची लव देखणी मानत, काहीजणी ती रंगाने गडद करत. जोडभुवयांचंही तेच. त्या काळातली चित्रं पाहिली तर तरुण आणि तरुणी ओळखू येत नाहीत इतकी सारखी काढलेली असतात. अफसाने नजमाबादी या इतिहासकार बाईंनी हे सविस्तर मांडलं आहे. सौंदर्याची तिथली कल्पना स्त्री-पुरुष अशी विभागलेली नव्हती, नाजूक कंबर आणि कमानदार भुवया दोघांनाही शोभत. युरोपशी येणं-जाणं वाढलं तसं इराणी बाईने बाईसारखं आणि पुरुषाने पुरुषासारखं दिसायला हवं हे ठरत गेलं आणि मिशी कुरूप झाली. जोडभुवया ताजिकिस्तानात अजून आवडीच्या आहेत. उस्मा नावाच्या पाल्याचा रस लावून मधली जागा भरतात.

बोरूबहाद्दर

माझ्या बहिणीच्या भुवया जोडलेल्या आहेत. तिला हा प्रतिसाद पाठवला. म्हणाली, ताजिकिस्तानचा व्हिसा कसा काढतात ते विचार.

अर्धविराम

शेवंती, चांगला धागा. तुमच्या यादीतल्या बांधलेल्या पावलांबद्दल लिहितो, कारण तिथे 'सौंदर्य' हा शब्द ऐकून आपण सगळेच फसतो असं माझं मत आहे.

ठरलेली गोष्ट अशी: राजदरबारातल्या नर्तकीपासून सुरुवात झाली, श्रीमंतांनी उचललं, पुरुषांना ते डुलत चालणं आवडायचं. सुरुवातीपुरतं हे ठीकच आहे. पण १९व्या शतकापर्यंत उत्तर चीनच्या खेड्यापाड्यांत शेतकऱ्यांच्या पोरींचीही पावलं बांधली जात होती. ज्यांच्या घरात दोन वेळची भ्रांत, ते पुरुषांच्या नजरेला सुखवायला मुलीला पांगळी करतील? लॉरेल बॉसेन आणि हिल गेट्स या दोन मानववंशशास्त्रज्ञांनी गावोगावच्या म्हाताऱ्या बायकांना विचारलं, लहानपणी तुम्ही दिवसभर काय करत होता? उत्तर होतं सूत कातणं, विणणं, चटया करणं. सहा-सात वर्षांची पोर एका जागी बसून हातांनी काम करत राहावी, उंडारायला जाऊ नये, याला बांधलेले पाय सोयीचे. जिथे गिरणीचं सूत आणि कापड येऊन हातकामाला भाव उरला नाही, तिथे पावलं बांधणंही उतरणीला लागलं.

त्याच देशात मांचू (तेव्हाच्या राजघराण्याच्या जमातीच्या) बायका पावलं बांधत नसत, दक्षिणेकडच्या हाक्का समाजातल्या बायकाही नाही. हाक्का बायका शेतात राबत. म्हणजे शेजारशेजारच्या गावांत मोजपट्ट्या निरनिराळ्या.

बंद कसं झालं तेही बघण्यासारखं आहे. प्रत्येक आईला माहीत होतं की हे भयंकर दुखतं. पण एकट्या घराने सोडलं तर त्यांच्या मुलीला स्थळ येणार नाही. १८७० च्या दशकापासून अशा मंडळ्या निघाल्या की ज्यांत घरं एकत्र येऊन शपथ घेत: आम्ही आमच्या मुलीची पावलं बांधणार नाही आणि आमच्या मुलालाही बांधलेल्या पावलांची बायको करणार नाही. दुसरं वाक्य महत्त्वाचं. त्याने लग्नाच्या बाजारातली अडचणच काढून टाकली. १९१२ मध्ये नव्या प्रजासत्ताकाने बंदी घातली, पण नुसत्या हुकमाने भागलं नसतं. आधी मांचू बादशहांनीही हुकूम काढून पाहिले होते.

त्रयस्थ

प्रतिसाद आवडला, पण सगळंच पोटापाण्यावर आणि लग्नावर नेऊन ठेवायचं म्हणजे अति होतं. काही गोष्टी माणूस म्हणून आपल्यात येतात.

१८७८ मध्ये फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने गुन्हेगारांचे फोटो एकावर एक छापले. त्याला 'गुन्हेगाराचा चेहरा' सापडायला हवा होता. निघाला तो मूळच्या कुणाहीपेक्षा बरा दिसणारा माणूस. १९९० मध्ये लँगलॉइस आणि रॉगमन या मानसशास्त्रज्ञांनी तेच संगणकावर नीट केलं. जितके जास्त चेहरे मिसळावेत तितका तयार होणारा चेहरा लोकांना आवडत गेला. लँगलॉइस यांच्याच आणखी प्रयोगांत असं दिसलं की मोठ्यांनी देखणे ठरवलेले चेहरे काही महिन्यांची बाळंसुद्धा जास्त वेळ बघत राहतात. त्या बाळांनी कुठलं मासिक चाळलं होतं?

शिवाय मानसशास्त्रज्ञ देवेंद्र सिंग यांचं १९९३ चं काम आहेच. कंबर भागिले नितंब, ०.७ च्या आसपास असलेली बाई पुरुषांना आवडते.

रानवारा

त्रयस्थ, चेहऱ्याचं काही अंशी मान्य. ०.७ चं मात्र एवढं ठासून सांगू नका. ते आकडे मुख्यतः अमेरिकी पुरुषांचे. १९९८ मध्ये डग्लस यू आणि ग्लेन शेपर्ड या संशोधकांनी सिंग यांनी वापरलेली बायकांची चित्रं पेरूच्या जंगलातल्या मत्सिगेंका लोकांना दाखवली. तिथल्या अगदी आतल्या गावातल्या पुरुषांनी जाड आणि सरळ कंबरेच्या बायका पसंत केल्या. बारीक कंबरेची बाई त्यांना आजारी वाटली. बाहेरच्या जगाशी जास्त संबंध आलेल्या गावांतली पसंती अमेरिकेकडे झुकलेली होती. म्हणजे पाश्चात्त्य मासिकं न पोचलेला माणूस शोधायला गेलं की तुमचं वैश्विक गुणोत्तर पातळ होत जातं.

याहून गमतीचा प्रयोग सांगतो. भुकेले पुरुष आणि नुकतेच जेवून आलेले पुरुष यांना बायकांचे सारखेच फोटो दाखवले, तर भुकेल्यांना थोड्या जाड बायका जास्त आवडल्या. एकच विद्यापीठ, एकच उपाहारगृह, फक्त आत जाताना विचारलं की बाहेर येताना, एवढाच फरक. आता देशच्या देश कित्येक पिढ्या दुष्काळाच्या धास्तीत असला तर काय होईल?

मॉरिटानियाचं उत्तर इथे आहे. वाळवंटातल्या भटक्या लोकांत जाड मुलगी म्हणजे बापाकडे कळप आहेत आणि तिला काम करावं लागत नाही, याची चालतीबोलती पावती. म्हणून लेब्लूह. मुलींना दूध आणि भरड धान्याचा कुस्कुस ढोसायला लावायचा, नाही म्हटलं की चिमटे, पायाची बोटं पिरगाळणं. याला मी परंपरा म्हणून माफ करणार नाही, तो छळच आहे. आता तर झटपट वजन वाढावं म्हणून जनावरांना पुष्ट करायची औषधं घेतल्याच्याही बातम्या येतात.

आणि उलट दिशेचा प्रवास फिजीत झाला. तिथेही भरलेलं अंग हे घरच्यांनी नीट काळजी घेतल्याचं लक्षण मानत, मूल जेवेनासं झालं की सगळे हवालदिल. नाद्रोगा भागात १९९५ मध्ये टीव्ही आला. अ‍ॅन बेकर या संशोधक बाईंनी शाळकरी मुलींची पाहणी टीव्ही येताच केली आणि तीन वर्षांनी पुन्हा केली. खाण्याबद्दलच्या विकृतीच्या चाचणीत धोक्याच्या रेषेवर असलेल्या मुली १२.७ टक्क्यांवरून २९.२ टक्क्यांवर गेल्या. वजनासाठी मुद्दाम उलटी काढणारी आधी एकही नव्हती, नंतर ११.३ टक्के. पाहणी लहान होती, दर वेळी साठ-पासष्ट मुली आणि दोन्ही वेळच्या मुली वेगळ्या, हे ध्यानात ठेवायला हवं. पण मुलाखतींत त्या काय म्हणाल्या ते मला जास्त बोलकं वाटतं. टीव्हीवरच्या बारीक बायका नोकऱ्या करतात, शहरात राहतात, म्हणून त्यांच्यासारखं व्हायचं. नवरा हा विषय मागेच पडला होता.

त्रयस्थ

मत्सिगेंका माहीत होते, मुद्दाम लिहिलं नव्हतं. :) चेहऱ्याचा मुद्दा मात्र सोडणार नाही.

मृण्मयी_क

सगळे प्रतिसाद वाचले. मला या चर्चेतच एक घोळ दिसतोय. दुसऱ्यांनी अंगावर केलेलं काहीही दिसलं की आपण 'त्यांची सौंदर्यकल्पना' म्हणून मोकळे होतो.

न्यूझीलंडच्या मूळच्या माओरी लोकांच्या चेहऱ्यावरचं गोंदण घ्या. बायकांच्या हनुवटीवर असतं ते मोको कौआए. ते काढणारा त्या व्यक्तीचं घराणं, पूर्वज, समाजातलं स्थान मांडतो. ते देखणं दिसतंच, पण दुसऱ्या कुणी ते आवडलं म्हणून काढून घ्यायचं नसतं. नानाया माहुता यांनी २०१६ मध्ये काढून घेतलं आणि त्या २०२० मध्ये न्यूझीलंडच्या परराष्ट्रमंत्री झाल्या. २०२१ मध्ये ओरिनी कायपारा यांनी मोकोसह तिथल्या मुख्य वेळच्या बातम्या दिल्या. यात 'सुंदर दिसणं' हा हेतू शोधत बसलो तर हाती काही लागणार नाही. दक्षिण सुदानमधल्या नुएर मुलांच्या कपाळावरच्या सहा आडव्या रेघाही तशाच. त्या कापून घेतल्या की तो पुरुषांत जमा. वेदना होताना हूं की चूं करायचं नसतं, तीच परीक्षा.

त्यामुळे शेवंतीच्या प्रश्नाआधीचा प्रश्न असा की सौंदर्य हा खाना कुणी आखला?

शेवंती

मृण्मयी, पटलं. मुर्सींच्या ओठाच्या चकतीबद्दलही हेच आहे. गुलामांचे व्यापारी पळवून नेऊ नयेत म्हणून बायकांनी स्वतःला मुद्दाम विद्रूप केलं, अशी कथा सर्रास सांगितली जाते. त्याला पुरावा नाही. मुर्सींमध्ये काम केलेले अभ्यासक सांगतात की पंधरा-सोळाव्या वर्षी ओठ कापून घेणं हे मुलगी मोठी झाल्याचं लक्षण. पुरुषांना जेवण वाढताना, समारंभात, नाचताना ती चकती घालायची आणि ती घातलेल्या बाईचं चालणं-वागणं ताठ मानेचं हवं. विद्रूपतेची कथा पर्यटकाला सोयीची पडते. त्यांनाही मनातून ते कुरूपच वाटत होतं, असं म्हणता येतं.

काजवा

एक बाळबोध प्रश्न. कायान बायकांची कडी काढली तर मान मोडते म्हणतात, ते खरं का? आणि मान एवढी लांब होतेच कशी?

टीपकागद

मान लांब होत नाही. क्ष-किरण चित्रांत मणके जागच्या जागी असतात. कड्यांच्या वजनाने गळपट्टीचं हाड आणि वरच्या बरगड्या खाली दबतात, खांदे उतरतात आणि मान लांब भासते. ती सुटी कडी नसून एकच सलग वळलेली पितळी सळई असते, मुलगी वाढेल तशी आधीची काढून मोठी घालतात. त्यामुळे काढता येते आणि मान मोडत नाही. बरीच वर्षं घातल्यावर काढली तर स्नायू अशक्त झालेले असतात, काही दिवस त्रास होतो, कातडीवर डाग राहतात.

म्यानमारमधल्या लढायांमुळे पळून आलेले कायान थायलंडच्या मे होंग सोन भागात राहिले आणि तिथे तिकीट लावून बघायची गावं झाली. निर्वासिताला शेती नाही, बाहेर काम करायची मोकळीक नाही, पण गळ्यात कडी असली तर पैसे मिळतात. म्हणजे मूळ गावांत ही प्रथा मागे पडत असताना पर्यटनाने ती धरून ठेवली. २००६ च्या सुमारास तिथल्या काही तरुणींनी कडी काढली. कुणाला शिकायचं होतं, कुणाचा त्या प्रदर्शनालाच विरोध होता. इथे मोजपट्टी सरळसरळ कॅमेरा घेऊन येणाऱ्याच्या हातात आहे.

पडघम

एवढी चर्चा झाली, पण पुरुषांचा पत्ता नाही. आमच्याकडे कुणी बघतच नाही का? (हलके घ्या.)

घुमा

पडघमराव, नायजर आणि चाडमध्ये वोडाबे लोकांच्या गेरेवोलला जा. पावसाळ्याच्या शेवटी भटके गुराखी एकत्र जमतात आणि तरुण पुरुष तासन् तास नटतात. चेहऱ्याला लाल-पिवळी माती, ओठ आणि डोळ्यांना काळा रंग, नाक सरळ दिसावं म्हणून मधोमध फिकट पट्टा, उंच वाटावं म्हणून डोक्यावर पीस. मग एका ओळीत उभे राहून टाचा उंचावत नाचायचं, डोळे गरागरा फिरवायचे आणि दात विचकायचे. डोळ्यांचा आणि दातांचा पांढरेपणा दिसायला हवा ना! परीक्षक तरुण मुली. तिकडे 'आमच्याकडे कुणी बघत नाही' ही तक्रार कुणी करणार नाही.

तुमचा टोमणा सोडला तरी मुद्दा खराच आहे. १८व्या शतकात युरोपातले सभ्य गृहस्थ गुडघ्यापर्यंतच्या विजारी घालत, त्यामुळे पोटरी भरीव दिसायला हवी. ज्यांची नसे ते मोज्यात भर घालत. उंच टाचा चौदावा लुई मिरवायचा. पुढे पुरुषांनी रंग, टाचा, पावडर सगळं सोडलं आणि करड्या सुटात शिरले. आता ओझं दंडांवर आलंय. २००० मध्ये मानसोपचारतज्ज्ञ हॅरिसन पोप यांनी ऑस्ट्रिया, फ्रान्स आणि अमेरिकेतल्या तरुणांना विचारलं, बायकांना कसं शरीर आवडत असेल? तिन्ही देशांतल्या पोरांनी स्वतःपेक्षा तेरा-चौदा किलो जास्त स्नायूंचं शरीर दाखवलं. खुद्द बायकांनी निवडलं ते साध्याच बांध्याचं. पुढे २००५ मध्ये तैवानमध्ये हीच दरी खूपच कमी निघाली.

बोरूबहाद्दर

थोडक्यात जगभर सगळे आता गोऱ्यांची नक्कल करतात. कोरियन मुली पापण्या कापून घेतात, इराणी मुली नाकं. विषय संपला.

आडवाट

बोरूबहाद्दर, इतक्यात संपवू नका.

पापणीवर घडी पाडायची शस्त्रक्रिया पहिल्यांदा नोंदवली ती जपानमध्ये, १८९६ मध्ये, मिकामो नावाच्या डॉक्टरने. कोरियात ती अमेरिकी सर्जन राल्फ मिलर्डमुळे १९५० च्या दशकात पसरली आणि त्याने स्वतः 'पाश्चात्त्य दिसणं' हा हेतू उघड लिहिला आहे, एवढं तुमच्या बाजूने. पण पूर्व आशियात कित्येकांना ती घडी जन्मतःच असते, ती काही गोऱ्यांची मिरास नाही. आज सोलमध्ये जी मुलगी हे करून घेते तिच्या डोळ्यांसमोर तिथलीच नटी असते. छोटा चेहरा, निमुळती हनुवटी यांचा तिथे जो सोस आहे तो युरोपात तसा नाहीच. अमेरिकेत तर हनुवटी आणि जबडा ठळक करून घेतात.

इराणमध्ये नाकाची शस्त्रक्रिया इतकी चालते की नाकावरची पट्टी लपवायची नसते, मिरवायची असते. तिथले लोक सांगतात, बाकी सगळं झाकलेलं, दिसतो तो चेहरा, मग खर्च तिथे. आणि पट्टी म्हणजे ऐपत. हे मॉरिटानियातल्या कळपांसारखंच झालं की!

कोरियातला विरोधही घरचाच आहे. २०१८ मध्ये तिथे 'कॉर्सेट (कंबर आवळणारा पट्टा) फेका' म्हणून चळवळ उसळली, मुलींनी लिपस्टिक आणि पावडरी चुरडून फोटो टाकले, केस कापले. त्याच वर्षी इम ह्योन-जू नावाची वृत्तनिवेदिका चष्मा लावून बातम्या द्यायला बसली आणि त्याची बातमी झाली. निवेदक पुरुष तर आधीपासूनच चष्म्यात बसत होते.

रानवारा

आडवाट, ऐपतीचा मुद्दा नेमका. त्याला एक अपवादही जोडतो. नायजेरियाच्या कालाबार भागात लग्नाआधी मुलींना वजन वाढवायला खास खोलीत ठेवायची चाल होती. त्याच नायजेरियाची अगबानी डारेगो २००१ मध्ये मिस वर्ल्ड झाली, आफ्रिकेतली पहिली कृष्णवर्णीय. उंच आणि सडपातळ. थोरांना ती उपाशी वाटली, तरुण मुलींना तिच्यासारखं व्हायचं होतं. इथे कुणाची सांपत्तिक स्थिती बदलली नव्हती, बक्षीस देणारे परीक्षक बदलले होते. २०१९ मध्ये दक्षिण आफ्रिकेची झोझिबिनी टुन्झी अगदी आखूड, न सरळवलेल्या केसांनी मिस युनिव्हर्स झाली, तीही परीक्षकांनीच केली. एका मुकुटाने फार काही होतं असं मला वाटत नाही, पण अगदीच काही होत नाही असंही नाही.

अर्धविराम

रंगाबद्दल भांडण नको म्हणालात, तरी उन्हाबद्दल लिहितो. युरोपात शतकानुशतकं पांढरंफटक असणं म्हणजे उन्हात राबावं लागत नाही. त्यासाठी शिशाचा लेप लावत. कॉव्हेंट्रीची काउंटेस मारिया १७६० मध्ये ऐन सत्ताविशीत गेली, त्याचं कारण तोच लेप मानतात. मग कामकरी माणसं शेतातून कारखान्यात गेली आणि फिकट पडली. उन्हात लोळायला जाणं ही श्रीमंतांची चैन झाली. १९२० च्या दशकात फ्रान्सच्या रिव्हिएरा किनाऱ्याहून रापून आलेल्या फॅशनकार कोको शनेलला सगळं श्रेय देतात ते मला पटत नाही. डॉक्टर आधीच उन्हाचे गोडवे गात होते, नील्स फिन्सेनला प्रकाशोपचारासाठी १९०३ चं नोबेल मिळालं होतं, मुडदूस झालेल्या पोरांना उन्हात बसवत होते. शनेलने फक्त त्याला झगा चढवला.

शेवट दोन्हीकडे सारखा. कातडी रापवणाऱ्या दिव्यांना २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकलं आणि त्याच वर्षी ब्राझीलने ते बंद केले. उजळण्याच्या काही मलमांत पारा असतो, तो कातडीतलं मेलॅनिन (रंगद्रव्य) बनणं रोखतो आणि मूत्रपिंडं खराब करतो. पाऱ्याच्या वापरावरच्या आंतरराष्ट्रीय मिनामाता कराराने आधी दहा लाखांत एक भाग एवढी मर्यादा घातली. त्या फटीतून माल सुटतोय म्हटल्यावर २०२३ मध्ये मर्यादाच काढून टाकली आणि पारा घातलेली सौंदर्यप्रसाधनं पूर्ण बंद करायचं ठरवलं.

पडघम

कायद्यावरून आठवलं. नॉर्वेत २०२२ पासून जाहिरातीतल्या फोटोत शरीराची ठेवण बदलली असेल तर तसा शिक्का मारावा लागतो, पैसे घेऊन पोस्ट टाकणाऱ्या इन्फ्लुएन्सरांनाही. फ्रान्सने २०१७ मध्येच केलं. याचा उपयोग होतो का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

त्रयस्थ

शिक्क्याने बघणाऱ्याला बरं वाटतं का, यावर प्रयोग झालेत. बऱ्याच प्रयोगांत फरक पडलेला नाही. फोटो खोटा आहे हे कळूनही माणूस स्वतःशी तुलना करतोच, काही वेळा शिक्क्यामुळे नेमकं कुठे बदललंय तेच निरखत बसतो. इस्राएलने २०१२ मध्ये वेगळी वाट धरली. मॉडेलचाच वजन-उंचीचा निर्देशांक (बीएमआय) किमान १८.५ हवा, तसा वैद्यकीय दाखला हवा. निदान त्या मुलीचं तरी रक्षण होतं. बघणारीचं काय होतं ते वेगळं.

शेवंती

अपेक्षेपेक्षा खूपच जास्त मिळालं. अर्धविरामची दोन्ही बाजूंनी घेतलेली शपथ माझ्या डोक्यात बसली आहे, कारण मोजपट्टी मोडायची कशी याचं धाग्यातलं तेच एक ठोस उदाहरण आहे. शिक्के आणि निर्देशांक हे वरून आलेले. त्रयस्थ, बाळांचा मुद्दा खोडता येत नाहीये, पण बाळं कुणाला नोकरी किंवा स्थळ नाकारत नाहीत.

घुमा, तैवानमध्ये ती दरी कमी का, यावर अजून लिहाल का?

घुमा

लिहितो. त्या अभ्यासकांनी दिलेली कारणं थोडक्यात अशी. चिनी परंपरेत पुरुषाचा मोठेपणा लेखणी आणि तलवार दोन्हींत बघतात आणि लेखणीचा मान वरचा. विद्वान, शांत माणूस पुरुषी ठरतो, त्यासाठी दंड लागत नाहीत. दुसरं, तिथल्या बायकांच्या मासिकांत अर्धनग्न पुरुष फारसे दिसत नव्हते. दिसले तरी ते बहुतेक पाश्चात्त्य मॉडेल असत, तैवानी क्वचितच. तिसरं, घरातलं पुरुषाचं स्थान तिथे अमेरिकेइतकं हललेलं नव्हतं, म्हणून ते स्नायूंनी सिद्ध करायची घाई नाही. हे २००५ चं आहे. त्यानंतर हातोहाती फोन आले, त्यामुळे आज तीच पाहणी केली तर तोच निकाल येईल असं मी धरून चालणार नाही.